तुडुमाची आकडी

बोरटोला, ता. तिरोडा, जि. गोंदिया
३ मार्च २००८

चि. खुमेंद्र यास,
दादाचे आशीर्वाद.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि जमिनीच्या हिश्शाबद्दलही काही म्हणायचं नाही. तुझ्या सहा एकरांत भोजराज धान लावतो आणि तुझा वाटा तुझ्या खात्यात भरतो, ते तुमचं तुम्ही बघा. मी लिहितोय ते शुक्रवारच्या बजेटबद्दल. आपल्या घरातला एक माणूस अर्थ खात्यात, तेही बजेट बनवणाऱ्यांच्या खोलीत बसतो, तर मी तक्रार घेऊन आणखी कोणाकडे जाऊ?

तुझी वहिनी सुखवंता म्हणते, "भावाशी बोलणं बंद आहे आन् सरकारशी भांडाले पत्र लिहून राहिले." तिला म्हटलं, भांडण दोघांशीही आहे, पोस्टाचा खर्च एकच.

तू कर्जमाफीचं विचारशील म्हणून आधी तेच सांगतो. गावात पेढे वाटले. मीही एक खाल्ला, कारण भुकेल्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं तर मला वाईट वाटत नाही. पण त्याच संध्याकाळी उदाराम ओट्यावर येऊन बसला. त्यानं जानेवारीत बैलजोडी विकून सोसायटीचं कर्ज फेडलं होतं. तो रडला नाही की चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मीच बावळा निघालो का गा?" मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं, पण हा प्रश्न पेपराला कधी आला नव्हता. तुमच्या खोलीत कोणाला उत्तर सुचलं असेल तर कळव.

माझा राग वेगळाच आहे. इतके हजार कोटी कुठून आणणार, हे त्या दिवशी भाषणात सांगितलं नाही. पेपरात आणखी एक वाचलं ते खरं का? तेलाच्या आणि खताच्या कंपन्यांना सरकार रोख पैशांऐवजी रोखे देतं, आणि ते रोखे तुटीत धरत नाही. खताची गोणी मला स्वस्त मिळते, कंपनीला कागद मिळतो, आणि हिशेब म्हणतो काही झालंच नाही. तो कागद दहा-पंधरा वर्षांनी कोणाच्या दारात जाईल? मी तोवर असेन की नाही देव जाणे. माझा लोकेंद्र असेल. त्याला आज अठरावं लागलंय, अजून त्यानं एकदाही मत दिलेलं नाही.

मी कंजूष म्हणून बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. सरकारनं शाळा, दवाखाने, रस्ते सगळं करावं. पण जेवढं द्यायचं तेवढा कर लावून द्यावं, आणि मत मागतानाच सांगावं की हे देऊ आणि त्यासाठी तुमच्याकडून हे घेऊ. म्हणजे लोक विचार करून मागतील. फुकट म्हटलं की कोणीही दोन्ही हात पुढे करतो, मीसुद्धा.

बजेट छापताना तुम्हाला म्हणे आत कोंडून ठेवतात. इतकं कोंडून ठेवतात तर वजाबाकी तरी पुरी करून बाहेर या.

तलावाचं मी काढत नाही. ते तुलाही नको असेल.

तुझा,
दादा

•

बोरटोला
२१ जुलै २००९

चि. खुमेंद्र यास, आशीर्वाद.

तुझं उत्तर यायला सव्वा वर्ष लागलं, पण आलं. सुखवंतानं पाकीट दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं आणि देवापुढे ठेवलं. मी उचलून आणलं.

तू समजावून सांगितलंस ते मी तीनदा वाचलं. जगभर मंदी आहे, कारखान्यांची मागणी पडली आहे, अशा वेळी सरकारनं हात आखडला तर लोकांची कामं जातील, म्हणून तूट वाढू द्यावी लागली. बरं. आणि शेवटी लिहिलंस, "दादा, देश म्हणजे घर नाही. घराचा कर्ता म्हातारा होतो, देश होत नाही. देश नेहमी नवं कर्ज काढून जुनं फेडू शकतो."

मान्य, देश म्हणजे घर नाही. घरात ज्यानं खर्च केला त्यालाच उद्या उपास पडतो, म्हणून माणूस आपोआप शहाणा होतो. देशात खर्च करणारा एक आणि उपास करणारा दुसरा. देश आपल्या तलावासारखा आहे. काढत नाही म्हणालो होतो, पण तूच काढायला लावलंस.

तू लहान असताना बाबा तुला तलावाच्या बांधावर, पाळीवर नेऊन तुडूम दाखवायचे. पाळीच्या पोटात दगडी बांधकाम, त्याला एकाखाली एक तीन तोंडं, प्रत्येकात लाकडी दट्ट्या. वरचं तोंड खरिपासाठी. मधलं, पाणी उरलं तर उन्हाळी धानासाठी. खालचं तोंड कोणासाठीच नाही. ते पाणी माशांचं, गुरांचं आणि पुढच्या साली पाऊस लांबला तर धानाच्या रोपांचं, पऱ्ह्यांचं. त्या खालच्या दट्ट्याला ओढायची लोखंडी आकडी पाटलाकडे ठेवत नाहीत, तलाव समितीकडेही ठेवत नाहीत. ती राहते ढिवरांच्या घरी. त्यांना तलावाखाली धानाची एक बांधीही नाही, त्यांचं पोट माशांवर. ज्याला पाणी सोडून फायदा नाही त्याच्याच हाती ती द्यायची, असं आपल्या जुन्या माणसांनी ठरवलं. ते लोक काही कॉलेजात गेले नव्हते, पण माणसाचा हात कुठे जातो हे त्यांना माहीत होतं.

दोन हजार एकच्या दिवाळीत तलाव निम्म्यावर होता. मी समितीचा अध्यक्ष. मी म्हणालो, यंदा उन्हाळी धान नको. तू सुट्टीवर आला होतास. सभेत उभा राहिलास आणि सांगितलंस की गेल्या दहा वर्षांत दरसाल अवकाळी पाऊस आला आहे, तो धरला तर सगळ्यांना पाणी पुरतं. तू दिल्लीचा साहेब. लोकांना ऐकायचं होतं तेच तू इंग्रजी आकडे घालून सांगितलंस, आणि माझ्या बाजूला मी आणि उदाराम, दोघेच उरलो.

मार्चमध्ये मधलं तोंड कोरडं पडलं. होळीला तू परत आलास आणि चैतराम ढिवराच्या घरी जाऊन आकडी मागितलीस. त्यानं दिली. साहेबाला नाही कसं म्हणायचं? तू आकडी भोजराजला दिलीस आणि दिल्लीच्या गाडीत बसलास.

पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो. अवकाळी आला नाही. धान पोटरीत असतानाच तलाव संपला. शेवटच्या दिवसांत चिखलात मासे तडफडत होते आणि पोरं टोपल्या भरत होती. ढिवरांच्या सोसायटीनं आदल्याच पावसाळ्यात माशांचं बीज टाकलं होतं. त्यांना सभेत कोणी बोलावलं नव्हतं, कारण सभा शेतवाल्यांची. चैतराम रायपूरकडे बांधकामावर गेला, तिकडेच कावीळ होऊन वारला. त्याच्या बायकोनं, मंदाबाईनं, त्याचे कपडे तेवढे आणले.

जूनमध्ये तू आलास तेव्हा मी ओट्यावरच विचारलं. तू म्हणालास, "पाऊस आला नाही यात माझा काय दोष?" त्यावर मी म्हणालो, या घरात पुन्हा येऊ नकोस. ते मी रागात म्हणालो. पण चुकीचं म्हणालो असं मला अजून वाटत नाही.

आता तुझ्या मंदीकडे येतो. अडचणीच्या साली सरकारनं जास्त खर्च करावा, हे मला पटतं. खालचं तोंड त्यासाठीच असतं. पण त्याआधीची चार-पाच वर्षं कर धो धो येत होता, तेव्हा तुम्ही काय केलंत? दोन हजार तीनमध्ये कायदा केलात की महसुली तूट अमुक सालापर्यंत शून्यावर आणू. छान कायदा, मी तेव्हा पेपर कापून ठेवला होता. भरल्या तलावाच्या सालीही तूट होतीच. मग कोरडं साल आलं आणि तुम्ही म्हणालात, आता कायदा कसा पाळणार? यंदा सरकार जो रुपया खर्च करणार त्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग उसना आहे, आणि पाचवा हिस्सा जुन्या उसनवारीच्या व्याजात जाईल. व्याजातून एक शाळाखोली उभी राहत नाही. आणि महागाई? तूरडाळ नव्वदीला टेकली. ज्याच्याकडे बँकेचं खातंच नाही त्यानं पहिला हप्ता भरायला सुरुवात केली, डाळीच्या भावातून.

नवं कर्ज काढून जुनं फेडता येतं, हे तू बरोबर लिहिलंस. फक्त ते कोणाच्या नावावर, ते लिहायचं राहिलं.

दादा

•

बोरटोला
२६ ऑक्टोबर २००९

चि. खुमेंद्र,

हे पत्र छोटं आहे आणि कामाचं आहे.

यंदा पाऊस कसा गेला ते दिल्लीतही कळलं असेल. तलाव पुन्हा निम्म्यावर आहे. विधानसभेच्या प्रचारात येईल तो पाळीवर उभा राहून म्हणाला, उन्हाळी धानाला पाणी मिळालंच पाहिजे. आता निवडून आलेले मुंबईला गेले, पडलेले घरी बसले, आणि त्यांचा शब्द पाळायचं काम माझ्याकडे आलं.

भोजराजनं सभा मागितली आहे. बावीस नोव्हेंबर, रविवार. त्याचा ठराव असा की मधलं तोंड सोडायचं, पुरलं नाही तर खालचंही सोडायचं, आणि आकडी यापुढे समितीच्या कपाटात ठेवायची. शेवटचं कलम सगळ्यात वाईट. एकदा ती कपाटात गेली की दरसाल निघेल.

मी त्याला विचारलं, "भोजराज, मागचं विसरला का गा?"

"मागचं काऊन काढून राहिले हुकुमभाऊ? पाणी का तुमच्या बापाचं होय?"

"नाही ना. म्हणून तर सांभाळून राहिलो."

तो हसला. वाईट माणूस नाही तो. त्याच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे आणि त्याला एक पीक हवं आहे. वाईट माणूस असता तर माझं काम सोपं होतं.

या खेपेला मी एकटा नाही. ज्यांनी तेव्हा टोपल्या भरून मासे नेले त्या पोरांनाच आता जमीन मिळाली आहे, आणि त्यांना तो चिखल आठवतो. मतं जवळजवळ बरोबरीत आहेत. आणि भोजराजच्या हातात त्याच्या मताबरोबर आणखी एक मत आहे, तुझं. सहा एकरांचं मुखत्यारपत्र तू त्याला दिलंस, त्यात सभेचं मतही येतं. म्हणजे आठ वर्षांनी पुन्हा तूच खालचं तोंड उघडणार, आणि या वेळीही दिल्लीत बसून.

मी विनंती करत नाही. तू हवं ते मत दे. भोजराजच्या बाजूनं द्यायचं असेल तरी दे. पण ते स्वतः येऊन, मंदाबाईसमोर उभं राहून दे. आकडी आता पुन्हा तिच्याच घरी असते, म्हणून तिला मी सभेला बोलावलं आहे. तिला मत नाही, पण बसायला सतरंजी आहे.

ओट्यावर म्हणालो होतो ते मागे घेतो, एवढ्यापुरतं. सुखवंतानं तुझी खोली झाडून ठेवली आहे. मी सांगितलं नव्हतं.

दादा

•

बोरटोला
२९ नोव्हेंबर २००९

चि. खुमेंद्र,

गोंदिया स्टेशनवर मी डब्याचा नंबर विचारत राहिलो आणि तू पाण्याची बाटली घेत राहिलास, आणि गाडी सुटली. दोघे पन्नाशीकडे झुकलेले, तरी बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

तू सभेत शिरलास तेव्हा भोजराजनं तुला शेजारी जागा करून दिली. मला वाटलं, गेलं. हात वर झाले, मोजणी झाली, बरोबरी. सगळे तुझ्याकडे बघत होते. मी मात्र मंदाबाईकडे बघत होतो. ती आकडी पदराखाली घेऊन बसली होती, कोणी हिसकावेल म्हणून.

तू उठलास आणि म्हणालास, "मागच्या खेपेला मी सांगितलं होतं अवकाळी येईल. तो आला नाही, आणि मीही इथं नव्हतो. ज्याला भोगायचं नाही त्यानं मत देऊ नये. माझं मत मी मंदाबाईला देतो."

भोजराज ताडकन उठला. "तिले कुठं शेत आहे? तिचं मत कसं चालंल?"

तेव्हा तू विचारलंस, "माझं शेत तरी तुझं कुठं आहे? मुखत्यारपत्रावर तुझं चालत होतं ना?"

सभेत आधी कुजबुज झाली, मग उदाराम मोठ्यानं हसला, आणि त्याच्या हसण्यानं सभेचा निकाल लागला असं मला वाटतं. कायद्याच्या पुस्तकात हे बसतं का, मला ठाऊक नाही. तू सरकारी माणूस, तुला ठाऊक असेल. कोणी विचारलं नाही.

मंदाबाई उभी राहिली. तुझ्याकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही. "तुमी आकडी मागाले आले तवा आमच्या मालकानं देऊन टाकली. त्याले वाटलं साहेबाले जास्त समजते. मले समजते का नाई, मले मालूम नाई. पन मी देत नाई. माझं मत नाई म्हून लिहा."

मी लिहिलं. 

तू तिच्या पायांना हात लावायला वाकलास आणि ती मागे सरली. ते तुला लागलं, मी पाहिलं. तिला वेळ लागेल. कदाचित कधीच नाही. पण मला मात्र त्या दिवशी तू माझा भाऊ वाटलास, आणि हे मला स्टेशनवर सांगायचं होतं.

भोजराज माझ्याशी बोलत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात तांदूळ माझ्या घरचा जाईल, असं मी त्याच्या बायकोला सांगून आलो. माझ्या कोठीत आहे, म्हणून देतो. नसता तर शब्द दिला नसता.

आता राहिलं दिल्लीचं. इथे तू जे केलंस ते तिथेही कर. फाइलवर एक ओळ लिही की हा खर्च कोण फेडणार, आणि तो माणूस या खोलीत आहे का. वरचे साहेब ती खोडतील. पुन्हा लिही.

दादा

•

बोरटोला
८ जुलै २०१०

चि. खुमेंद्र यास, अनेक आशीर्वाद.

तुझं फोनवर बोलणं सुखवंताला पुरतं, मला पुरत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मृगात दोन सरी पडल्या आणि गावानं परे टाकले. मग आर्द्रा कोरडी गेली. पेरलेले परे हातभर वाढायच्या आत शेंड्याकडून पिवळे पडू लागले. ते गेले तर बांधीत रोपं लावायची रोवणी गेली आणि अख्खं साल गेलं. विहिरी आटल्या होत्या. पाणी फक्त तलावात होतं, खालच्या तोंडाच्या वर छातीभर.

मी समितीची सभा घेतली नाही. घ्यायचा अधिकारच नव्हता, आकडी माझ्याकडे नव्हती. एका सकाळी बघतो तर भोजराज मंदाबाईच्या अंगणात उभा. मागे दहा-बाराजण. भोजराजनं चप्पल दाराबाहेर काढली होती.

"मंदाबाई, परे जळून राहिले," तो म्हणाला. "आमी मागाले आलो."

तिनं सगळ्यांना पाणी पाजलं. मग विचारलं, "धानाले पायजे का पऱ्ह्याले?"

"पऱ्ह्यालेच."

"आन् मासे?"

मग भोजराज म्हणाला, "गुडघाभर ठेवून बंद कर. तूच बंद कर. आमी हात लावत नाई."

ती स्वतः पाळीवर आली. आकडी घालून दट्ट्या ओढायला तिला जोर पुरेना, तेव्हा लोकेंद्रला हाक मारली. पाणी निघालं. सगळ्यात आधी शेवटच्या टोकाच्या बांध्यांना, मग वरच्यांना, हाही तिचाच हुकूम. पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा तिनं दट्ट्या ठोकून बसवला, आकडी पुसली आणि घरी घेऊन गेली. परवापासून पाऊस लागला आहे. रोवणी सुरू झाली. भोजराजनं तुझ्याही सहा एकरांचे परे वाचवले, आणि कालपासून माझ्याशी बोलायलाही लागला आहे.

तेव्हा तुझं म्हणणं खरं ठरलं, खुमेंद्र. अडीनडीला मोकळ्या हातानं सोडावं लागतं. मी ते कबूल करतो, आणि लेखी देतो. पण सोडायला होतं, कारण नोव्हेंबरात एका बाईनं नाही म्हटलं होतं. तेव्हा नाही म्हटलं नसतं तर आता हो म्हणायला तिच्याकडे काही उरलं नसतं.

पेपरात वाचलं की मोबाइलच्या लहरींच्या लिलावात सरकारला अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट पैसे मिळाले. आनंद झाला. पण तो अवकाळी पाऊस आहे. त्याच्या भरवशावर उन्हाळी धान लावू नका. जुनं कर्ज कमी करा. पेट्रोलचे भाव मोकळे केलेत त्याबद्दल इथे सगळे शिव्या देत आहेत, आणि मी एकटा पानठेल्यावर तुमच्या बाजूनं भांडतो. माझी मोटारसायकलही त्याच भावानं धावते. महाग असेल तर महाग म्हणून सांगा, आम्ही कमी फिरू. पण लोकेंद्रच्या नावावर मला स्वस्तात फिरवू नका.

तू मागच्या महिन्यात फोनवर म्हणालास, "दादा, मी ती ओळ फाइलवर दोनदा लिहिली, दोनदा खोडली गेली." मला हसू आलं आणि अभिमानही वाटला. मी सभेत बोललो तेव्हा माझ्या बाजूला एकटा उदाराम होता. आठ वर्षं लागली. तिसऱ्यांदा लिही.

काल संध्याकाळी मंदाबाई स्वतः घरी आली. आपल्या ओट्यावर ती पहिल्यांदाच बसली. सुखवंतानं चहा दिला. जाताना तिनं तुझं नाव घेतलं नाही, फक्त विचारलं, "दिल्लीले बी असा तलाव आहे का?" मी म्हणालो, आहे, लई मोठा आहे. तिनं थोडा विचार केला.

"मग तिथली आकडी कोनाच्या घरी रायते?"

याचं उत्तर तू दिवाळीला येशील तेव्हा तिला सांग.

तुझा,
दादा